पुन्हा त्याच गेटने

ताडोबाच्या जिप्सीत गाइड आणि ड्रायव्हर सोडून सहा जण बसतात. पैसे गाडीचे आणि गाइडचे असतात, माणशी नसतात. चौघे गेलो तरी तेवढेच, सहा गेलो तरी तेवढेच. आम्ही घरचे चौघे: मी, हे, आठवीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. उरलेल्या दोन जागांसाठी मी नातेवाइकांची यादी काढली नाही. समोरच्या दाराची बेल वाजवली आणि आंटींना विचारलं, "जंगलात येता का आमच्याबरोबर? चार-पाच दिवस." आंटींनी आत बसलेल्या अंकलकडे बघितलंसुद्धा नाही. "आऊँगी," म्हणाल्या. "बस, गाडी में चढना-उतरना कितना है, वो बता दे."

अंकलचं उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दुकान आहे, आता मुलगा बघतो. आंटींचे आईवडील शिकारपूरहून आलेले, त्यांचा स्वतःचा जन्म मात्र इथल्याच बॅरेकीतला. मी लग्न होऊन या मजल्यावर आले तेव्हापासून आमची दारं समोरासमोर आहेत आणि दिवसा ती बहुतेक उघडीच असतात.

उल्हासनगरच्या कॅम्प ३ मध्ये राहणाऱ्या माणसाला जंगलाची ओढ का लागते, ते इथे राहिलं की कळतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बॅरेकी, फाळणीनंतर तिथे आणून उतरवलेली सिंधी कुटुंबं, आणि १९४९ मध्ये वसाहतीला मिळालेलं उल्हासनगर हे नाव. पुढे बॅरेकींच्या जागी इमारती आल्या आणि इमारतींना इमारती चिकटल्या. आमच्या खिडकीतून समोरच्या घराची खिडकी दिसते. वालधुनी नदी जवळ आहे, पण तिच्या काठी कोणी फिरायला जात नाही. आणि तरी रान फार लांब नाही. एका अंगाला मलंगगड, बदलापूरच्या पुढे बारवीचं जंगल, पलीकडे माथेरानची रांग. जानेवारी २०१९ मध्ये उल्हासनगरातल्या एका बंगल्यात बिबट्या शिरला होता. वनखात्याच्या माणसांनी कित्येक तास खटपट करून त्याला बेशुद्ध केलं आणि सुखरूप नेलं. माझा मुलगा तेव्हा लहान होता. टीव्हीवर आपल्याच गावाचं नाव आणि बिबट्या एकत्र बघून तो कितीतरी दिवस विचारत होता, की तो आला कुठून आणि त्याला नेलं कुठे. त्या प्रश्नामुळेच आम्ही पुढे बोरिवलीच्या उद्यानात गेलो, पावसाळ्यात बारवीकडे जायला लागलो. नंतर मुलांनीच म्हणायला सुरुवात केली, की जाऊन लगेच परत यायचं नाही, जंगलाशेजारी राहायचं.

राहायचं म्हटलं की महाराष्ट्रात पर्याय पुष्कळ आहेत. मेळघाट आहे, पेंच आहे, नागझिरा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' मी कॉलेजात असताना वाचलं होतं. एक माणूस वाघाची घाई न करता नुसता जंगलात राहायला जातो, हे मला तेव्हापासून आवडत आलं आहे. यांचं मत ताडोबाचं होतं आणि मुलांचंही. ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ पासूनचं. पुढे शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. २०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले आणि त्यातले ९७ एकट्या ताडोबात. मला पटलेलं कारण आणखी साधं होतं: कल्याणहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी वर्धा. आंटींच्या गुडघ्यांसाठी आणि मुलांच्या झोपेसाठी रात्रीची एक गाडी पुरेशी होती.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. कॅलेंडर काढून बसलो. यांची सुट्टी शुक्रवारी, माझी रविवारी, आणि ताडोबाची मंगळवारी. मंगळवारी कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, सफारी नसते. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर पूर्ण बंद. शनिवार-रविवारी प्रवेशाचे दर जास्त. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत जागा मिळणं कठीण, शिवाय दिवाळीत पावसाचं गवत अजून उंच असतं आणि त्यात बसलेलं जनावर दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, म्हणून उन्हाळा चांगला. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पंचेचाळीस अंश. हिवाळ्यातली पहाट सुखाची, तर मुलांच्या शाळा. चैत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी मला ऑफिसमधल्या चंद्रपूरच्या सहकारी बाईंनी सांगितली. चैत्र पौर्णिमेला चंद्रपूरच्या महाकालीची मोठी यात्रा भरते, नांदेडकडून आणि सगळ्या मराठवाड्यातून भाविक येतात. त्या दिवसांत गाड्या आणि लॉज दोन्ही भरलेले असतात. पाडवा आणि चेटीचंड घरी करायचं, यात्रा ओसरू द्यायची, मुलांची परीक्षा संपवायची आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, असं ठरलं. उन्हाचं काय, असं अंकलनी विचारलं. आंटी म्हणाल्या, बॅरेकीच्या पत्र्याखाली मोठी झाले मी, उन्हाचं मला सांगू नका.

शनिवारी संध्याकाळी निघायचं, गुरुवारी परतीची गाडी. मधला मंगळवार कोअर बंद. सुरुवातीला तो मंगळवार टाळायचा म्हणून आम्ही तारखा मागेपुढे करून बघत होतो. नंतर माझ्या लक्षात आलं की तोच दिवस उपयोगाचा आहे. पहाटे साडेपाचच्या आधी गेटवर, दुपारी पुन्हा गेटवर, असं मुलांनी आणि सत्तरीच्या माणसांनी रोज केलं तर तिसऱ्या दिवशी जिप्सीतच झोप लागते. त्यामुळे मंगळवार मधोमध ठेवला.

कल्याणच्या एका टूरवाल्याने आम्हाला तयार कार्यक्रम दिला होता. दोन रात्री, एसी रिसॉर्ट, प्रत्येक राउंडला वेगळं गेट. मोहर्ली, मग कोलारा, मग नवेगाव, म्हणजे 'पूर्ण ताडोबा कव्हर'. त्याचं म्हणणं, जितकी गेटं तितकी वाघाची शक्यता जास्त. मला ते मान्य झालं नाही आणि अजूनही नाही. कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटर, भोवतीचं बफर त्याहून मोठं. दोन दिवसांत तीन गेटं करायची म्हणजे निम्मा वेळ गेटापासून गेटापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर जातो. आणि प्रत्येक वेळी नवी वाट म्हटली की तीच घाई: कुठे काय आहे हे कळेपर्यंत राउंड संपतो. मी उलट ठरवलं. मुक्काम एकाच ठिकाणी, मोहर्लीत. कोअरचे राउंड मोहर्ली गेटनेच, बफरचे शेजारच्या आगरझरीत. रिसॉर्टच्या एका रात्रीच्या पैशात मोहर्ली गावातल्या एका घरी दोन खोल्या आणि जेवण मिळत होतं. यांना आधी शंका होती. मी म्हटलं, आपण रोज त्याच प्लॅटफॉर्मवर उभे राहतो म्हणून आपल्याला गाडी यायच्या आधी गर्दीवरून कळतं ना, की आज कर्जत लोकल उशिरा आहे; जंगलातही तसंच असणार.

बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर होतं आणि ते कितीतरी आधी उघडतं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसच आधी मिळतं. त्यामुळे सफारी हातात आणि गाडीचं तिकीट नाही, असे मधले काही आठवडे काढावे लागले. सहाही जणांची नावं, वय, ओळखपत्राचा नंबर आधीच भरावा लागतो, आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. ऐनवेळी माणूस बदलता येत नाही. आंटींच्या आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं आणि सगळे हाक मारतात ते तिसरंच. आम्ही आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच भरलं आणि ते कार्ड मी माझ्याच पर्समध्ये ठेवलं.

कपड्यांसाठी गजानन मार्केटला दोन चकरा झाल्या. भडक रंग नको, पांढराही नको. मातकट, मेंदी, फिकट खाकी, आणि सुती. उल्हासनगरची पोरं जीन्सशिवाय घराबाहेर पडत नाहीत, पण त्या उन्हात जीन्स अंगाला चिकटते. मुलांसाठी आम्ही सैल सुती पायजमे शिवून घेतले. प्रत्येकाला मोठा सुती रुमाल, कारण जिप्सी उघडी असते आणि पुढच्या गाडीची धूळ थेट नाकात जाते. टोपी, ग्लुकोज, मीठ-साखरेची पाकिटं, आंटींच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत. दुर्बीण उसनी आणली. ती एकच होती, म्हणून पाच-पाच मिनिटांची पाळी ठरवली.

खाण्याचं ठरवताना आमच्या दोन घरांत चढाओढच लागली. मी दशम्या केल्या, दुधात भिजवलेल्या पिठाच्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी. आंटींनी कोकी केली: कणकेत कांदा, हिरवी मिरची, अनारदाणा, तूप, आणि दोनदा भाजलेली जाड भाकरी. सिंधी माणूस प्रवासाला निघाला की कोकी बरोबर असतेच, दुसऱ्या दिवशीही ती चांगली लागते. आंटी सांगत होत्या, कराचीहून बोटीने निघताना त्यांच्या आजीने फडक्यात कोकीच बांधली होती. गाडी कसाऱ्याचा घाट चढत असताना आम्ही डबे उघडले आणि दशम्या अंकलनी संपवल्या, कोकी माझ्या मुलांनी.

वर्ध्याहून ठरवलेली गाडी हिंगणघाट, वरोरा, भद्रावती करत चंद्रपूरला आली. औषधाचं दुकान आणि एटीएम यांची कामं तिथेच उरकली. चंद्रपूर सोडलं की मोहर्लीच्या रस्त्यावर आधी दुर्गापूर लागतं. मुलांनी वाघाचा रस्ता म्हणून खिडक्या उघडल्या आणि दिसल्या त्या कोळशाच्या खाणी, मातीचे डोंगर, आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. यांनी तिथे गाडी थांबवायला लावली. हे अंबरनाथला कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात आहेत. त्यांनी मुलांना सांगितलं की इथून एक विजेची वाहिनी निघते, ७५२ किलोमीटर लांब, पाचशे किलोव्होल्टची, आणि ती उतरते पडघ्याला, आपल्या ठाणे जिल्ह्यात. या केंद्राला पाणी जातं ते इरई धरणातून, आणि त्या धरणाचा जलाशय मोहर्लीच्या दारात आहे. म्हणजे आपण घरी बटण दाबतो त्याची किंमत इथलं जंगल, इथलं पाणी आणि इथली माणसं देत असतात. मुलगी बराच वेळ मागे वळून चिमण्यांकडे बघत होती. मला तो थांबा फार मोलाचा वाटला. वाघ बघायला येणाऱ्या प्रत्येकाने या रस्त्याने यावं.

पहिला राउंड त्याच दुपारी आगरझरीच्या बफरमध्ये. उन्हाने सगळं करपलेलं. साग उघडा पडलेला, बांबू पिवळा, मोहाचा बहर सरत आलेला. पानं गळलेल्या जंगलात कढईचं झाड मात्र लांबूनच ओळखू येत होतं, गोरंपान खोड आणि एक पान नाही. आमच्या गाइड मोहर्लीच्याच एक ताई होत्या. ताडोबात बायका गाइडचं काम करतात, आणि आंटींना पुढे बसवायचं की मधल्या बाकावर, हे त्यांनी विचारल्याशिवाय ओळखलं. "आजी, मागच्या सीटवर गाडी लय उडते, तुमी मंधात बसा." त्या दिवशी चितळ, रानगवा आणि मोर दिसले. एका पाणवठ्यापाशी ताईंनी गाडी थांबवली. सौर पंपावर चालणारा छोटा पाणवठा, आसपास धूळ. धुळीत ठसे होते. वाघिणीचे, सकाळचे असावेत, त्यांच्यावरून नंतर चितळं चालून गेलेली. मुलाने ते वहीत काढून घेतले.

सोमवारी पहाटे मोहर्ली गेट. मोबाइल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवला होता. त्यामुळे काय झालं, तर सहाच्या सहा माणसं सगळा वेळ एकाच दिशेला बघत होती. आमच्या घरात असं एरवी कधी होत नाही. तेलियाच्या तळ्याकडे जाणारा रस्ता, पुढे जामणीचं माळरान. जामणी हे गाव होतं. व्याघ्र प्रकल्पातली जी गावं बाहेर वसवली गेली त्यांतलं एक. जिथे घरं आणि शेतं होती तिथे आता गवत आहे आणि गवतात चितळांचे कळप. ताई सांगत होत्या, जुनी माणसं अजून विचारतात, आमचं आंब्याचं झाड आहे का तिथं. आंटींनी त्यांना गावाबद्दल इतके प्रश्न विचारले, की आम्ही बाकीचे गप्पच झालो. किती घरं होती, काय पिकायचं, जाताना काय काय बरोबर नेलं, देव नेले का.

दुपारी परत तीच वाट, तेच गेट. टूरवाला असता तर त्याने ही दुपार वाया गेली म्हणून सांगितलं असतं. सकाळी आम्ही एका अर्जुनाच्या खोडावरचे ओरखडे बघितले होते. त्या झाडाशी येताच मुलगी म्हणाली, "हे आपलं झाड." तिथून पुढच्या वळणावर सकाळी वानरांची टोळी बसलेली होती, आता त्या जागी कोणीच नव्हतं. ताईंनी हात वर करून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. इंजिन बंद. आधी काही नाही. मग शीळ ऐकू आली, माणसाने दातांतून हळूच घालावी तशी, एकीकडून आणि मग दुसरीकडून. बांबूतून रानकुत्री बाहेर आली, तांबूस, काळ्या शेपटीची, एकामागून एक. आमच्या जिप्सीच्या पुढून त्यांनी रस्ता ओलांडला. एक रस्त्याच्या मधोमध बसलं आणि सगळी जाईपर्यंत बसून राहिलं, मागून एक लंगडं येत होतं ते आलं तेव्हाच उठलं. आमच्याशिवाय तिथे एकही गाडी नव्हती. कारण त्या वेळी सगळ्या जिप्स्या तेलियावर वाघाची वाट बघत उभ्या होत्या. मी आयुष्यात पाहिलेल्या प्राण्यांमध्ये त्या वाट बघणाऱ्या रानकुत्र्याइतकं काहीच माझ्या मनात राहिलेलं नाही. सकाळी वानरं कुठे बसली होती हे आम्हाला माहीत होतं, म्हणूनच संध्याकाळी त्यांचं नसणं ताईंबरोबर आम्हालाही दिसलं.

मंगळवारी आनंदवन. मोहर्लीहून वरोऱ्याला जाऊन यायला दिवस पुरतो. बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली तेही वर्ष १९४९, आमच्या गावाच्या नावाचं वर्ष. आंटी तिथे हातमागाशी बराच वेळ उभ्या होत्या. बोटं झडलेला माणूस सफाईने धोटा फेकत होता. परत येताना त्या गाडीत बोलल्या नाहीत. रात्री जेवताना म्हणाल्या, आम्हाला कुणी उठवलं तेव्हा निदान शेजार तरी बरोबर आला होता, यांना तर घरच्यांनीच बाहेर काढलं होतं. मुलांनी ऐकलं. मी काही जोडलं नाही.

मोहर्लीतल्या त्या घरी आम्हाला भात, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि थंडगार ताक मिळालं. घरातली बाई सांगत होती, आधी सरपणासाठी रोज जंगलात जावं लागायचं, आता बफरमधल्या गावांना योजनेतून गॅस मिळाला आहे. पण तेंदूपत्त्याचा हंगाम आला की जावंच लागतं, वर्षाचा पैसा त्यातून उभा राहतो. पहाटे बायका-माणसं वाकून पानं तोडतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात असे जीव जातात. आमच्या मुक्कामात हंगाम नुकता सुरू होत होता. पहाटे आम्ही जिप्सीत बसत होतो तेव्हा त्या घराची सून डोक्याला फडकं बांधून दुसऱ्या वाटेने निघत होती. आम्ही वाघ दिसावा म्हणून चाललो होतो, ती दिसू नये म्हणून.

ताईंनी स्वाती ढुमणे यांच्याबद्दल सांगितलं ते बुधवारी, कोअरमधून परत येताना. वनरक्षक होत्या. २० नोव्हेंबर २०२१ ला व्याघ्रगणनेच्या कामासाठी कोलारा भागात पायी चालत खुणा शोधत होत्या. वाटेत माया वाघीण बसलेली होती, ती टाळून जाण्यासाठी वळसा घेतला, आणि तिनेच हल्ला केला. ४४४, ९७ या आकड्यांमागे असं पायी चालणंही असतं. घरी कॅलेंडर मांडून मी हे आकडे मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितले होते. त्यामागे कोण चालतं, हे मुलांना त्या दिवशी कळलं आणि मलाही.

वाघ दिसला. शेवटच्या सकाळी, आगरझरीत, पहिल्या दिवशी ठसे पाहिले होते त्याच पाणवठ्यावर. वाघीण पाण्यात मागचे पाय बुडवून बसली होती, आमच्याकडे पाठ. मुलाने खुणेनेच वहीतले ठसे दाखवले. थोड्या वेळात मागून गाड्या यायला लागल्या. एका गाडीतले लोक त्यांच्या गाइडला पुढे घे, पुढे घे म्हणत होते. आमच्या ताईंनी ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली. मुलगा हिरमुसला. ताई म्हणाल्या, "तिला उठून जायला वाट पायजे ना बाबू." ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना जिप्स्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, गाइडांवर आणि चालकांवर कारवाई झाली. शिक्षा गाइडला होते, हट्ट मात्र मागच्या बाकांवरून झालेला असतो. निघण्याआधी ही बातमी मी मुलांना वाचून दाखवली होती, त्यामुळे मुलगा हिरमुसला तरी बोलला नाही. आम्ही मागे झालो, तिने उठून रस्ता ओलांडला आणि बांबूत गेली.

आल्यापासून बिल्डिंगमध्ये, ऑफिसमध्ये, लोकलमध्ये मला एकच विचारतात: किती दिवस ठेवू, कुठलं गेट घेऊ? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माझ्यासारख्या कुटुंबांना मी हेच सांगते. शेजाऱ्यांना बरोबर घ्या आणि जिप्सी भरून न्या, म्हणजे दोन रात्रींच्या खर्चात चार रात्री बसतील. रिसॉर्टऐवजी गावातलं घर बघा. मंगळवार टाळू नका, तो विश्रांतीला आणि आनंदवनाला ठेवा. गेट एकच घ्या आणि त्याच वाटेने सकाळ-संध्याकाळ जा. आणि वाघ दिसला की गाइडला गाडी पुढे घ्यायला सांगू नका.